आधीची चाळीस मिनिटं

आमच्या कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कक्ष आहे. कक्ष म्हणजे खोली नव्हे, एक हिरवी फाइल. तिच्यावरचा शब्द आजवर तीनदा बदलला. आधी 'अपंग' होता, मग चिकटपट्टी लावून 'विकलांग' केला, मग त्यावर पांढरा कागद डकवून 'दिव्यांग'. आतले कागद कोणी बदलले नाहीत, कारण ते कोणी पाहिलेच नाहीत. ही फाइल सात वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. मी राज्यशास्त्र शिकवतो. फाइल कोणी सांभाळायची हे ठरवायच्या बैठकीला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो, आणि तोवर सगळ्यांनी एकमतानं मला समन्वयक करून टाकलं होतं.

समन्वयकाचं काम सोपं असतं. विद्यार्थ्याचा अर्ज आला की सही करायची आणि पुढच्या माणसाकडे सरकवायचा. तो सही करून त्याच्या पुढच्याकडे सरकवतो. शेवटी अर्ज मॅडमकडे, म्हणजे प्राचार्यांकडे जातो. मॅडम सगळ्यांच्या सह्या आहेत ना एवढं बघतात आणि 'मान्य' लिहितात. अर्जात काय लिहिलंय हे बघायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं, त्यामुळे अर्ज कुठे अडकून पडत नाहीत. याबद्दल आमचं कौतुकही झालं आहे.

त्या सत्रात अर्ज एकच आला. मुलीचं तिसरं वर्ष खरं तर केव्हाच संपलं होतं, संख्याशास्त्राचा एक पेपर तेवढा राहिला होता. तिला हाताच्या स्नायूंचा आजार आहे. अंगठा तिचं ऐकत नाही. पेन ती पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकवते आणि मनगटाऐवजी खांद्यातून हात हलवून लिहिते. अक्षर बारीक, सरळ, छापल्यासारखं. पण एक पान व्हायला वीस मिनिटं लागतात.

त्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा आम्ही तिला सहकार्य केलं होतं. पहिल्या वेळी लेखनिक दिला. नियम असा की लेखनिकाला तो विषय येता कामा नये, नाहीतर पेपर तोच सोडवेल. नियम पाळण्यात आम्ही कमी पडलो नाही. भाषा विभागातून असा लेखनिक शोधला की ज्याला आकडे बघून घाम फुटायचा. तिनं बेरजेचं चिन्ह म्हणून 'सिग्मा' सांगितलं की तो अक्षरांत 'सिग्मा' लिहायचा. वर्गमूळही अक्षरांत. दोन तास हे चाललं. ती सांगत राहिली की चिन्ह काढ, आणि पर्यवेक्षक तिला सांगत राहिले की लेखनिकाला शिकवायचं नाही. दुसऱ्या वेळी तिनं लेखनिक नाकारला आणि स्वतः लिहिलं. सहा पानं झाली, ती सगळी बरोबर होती, गुण मिळाले तेहतीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात.

तिसरी वेळ ही शेवटची. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता, आणि जुन्यात अडकलेल्यांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची असा फतवा निघाला होता. एका पेपरासाठी तीन वर्षं, सगळे विषय, त्याच हातानं.

अर्जात तिनं लिहिलं होतं: लेखनिक नको. नियमानुसार तासाला वीस मिनिटं याप्रमाणे पेपराच्या शेवटी चाळीस मिनिटं जादा मिळावीत. दोन तासांत माझी सहा पानं होऊन तेहतीस गुण मिळतात, आठ पानं झाली तर चव्वेचाळीस मिळतील. खाली त्रैराशिक मांडून दाखवलं होतं. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा मी सही केली आणि अर्ज सरकवला.

परीक्षेच्या आठ दिवस आधी अर्ज मान्य होऊन परत आला. मान्य झाला म्हणजे अमलात आणायला हवा, आणि अमलात आणायचा म्हटल्यावर तो पहिल्यांदा वाचला गेला. वाचणारे आमचे परीक्षा विभागप्रमुख. त्यांना आम्ही गठ्ठेवाले म्हणतो, त्यांच्या तोंडावरही, आणि त्यांना ते आवडतं. पेपर एकला सुटतो, सव्वा वाजता विद्यापीठाची गाडी येते, तोवर उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठा बांधून, लाख लावून तयार हवा. अठरा वर्षांत त्यांचा गठ्ठा एकदाही चुकला नाही. त्याचं प्रशस्तिपत्र त्यांच्या खुर्चीमागे टांगलेलं आहे. ते जिभेला बोट लावल्याशिवाय कागद उलटत नाहीत. त्यांच्या हातून आलेल्या प्रत्येक कागदाचा उजवा कोपरा मऊ आणि किंचित फुगलेला असतो. मी तो कोपरा टाळून कागद धरायला शिकलो आहे.

बैठक मॅडमच्या खोलीत झाली. मॅडम, गठ्ठेवाले, मी आणि संख्याशास्त्राचे सर. या सरांना विद्यार्थी 'घड्याळ' म्हणतात. वर्गात कोण किती वाजून किती मिनिटांनी आलं, कोण किती वेळा जांभई देतं, हे सगळं ते एका वहीत टिपतात. स्वभाव वाईट नाही. वहीत टिपलेलं नाही ते घडलं नाही, इतकंच त्यांचं म्हणणं असतं.

गठ्ठेवाल्यांनी अर्जाचा कोपरा ओला करून टेबलावर ठेवला आणि विचारलं की एक चाळीसला पेपर घेऊन गाडीमागे पळायचं कोणी. मी म्हटलं, तिची एक उत्तरपत्रिका नंतर वेगळ्या पाकिटातून पाठवता येईल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी गठ्ठ्याचे हातपाय तोडायची भाषा केली. मग घड्याळ सरांनी त्यांची बाजू मांडली. ज्याला लिहिता येत नाही त्यानं लिहायचा विषय घ्यावाच कशाला. शिवाय बाकीच्या मुलांवर अन्याय होतो, चाळीस मिनिटं कोणाला नको असतात. शिवाय त्यांच्या एका भाच्यालाही लिहिताना हात दुखायचा, तो आज बँकेत आहे. मॅडम म्हणाल्या की भावना सगळ्यांच्याच रास्त आहेत, पण आपण 'मान्य' लिहून बसलोय.

हा पेच थोडा वेळ टेबलावर पडून राहिला. मग घड्याळ सरांनी वही मिटली.

"आधी देऊ," ते म्हणाले.

"काय आधी?"

"चाळीस मिनिटं. तिला दहा वीसला बोलवायचं. मी लवकर येतो, माझी काही हरकत नाही. एकला सगळ्यांबरोबर पेपर घ्यायचा. तिला चाळीस मिनिटं मिळाली, यांना गठ्ठा मिळाला."

मी विचारलं, प्रश्नपत्रिका अकराच्या आधी फोडता येत नाही ना.

"छे, ती कशी फोडणार? गुन्हा आहे तो."

"मग चाळीस मिनिटं ती काय करेल?"

"बसेल," घड्याळ सर म्हणाले. "मन स्थिर करेल. नियमात जादा वेळ द्या म्हटलंय, पेपरासकट द्या असं कुठे म्हटलंय?"

यावर कोणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहिली. गठ्ठेवाल्यांचा चेहरा उजळला. मॅडम म्हणाल्या, सुवर्णमध्य. मी इतिवृत्तात लिहिलं: विद्यार्थिनीस जादा वेळ चाळीस मिनिटे देण्यात यावा (परीक्षेपूर्वी). खाली सगळ्यात पहिली सही माझी आहे, कारण पेन माझ्याकडे होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिच्या वर्गात दोन मुलं जाड भिंगाच्या चष्म्याची आहेत आणि त्यांच्यासाठी ती गेली चार वर्षं प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हातानं काढते. ती भाजी चिरत होती, ती थांबली.

"म्हणजे पान मांडून चाळीस मिनिटं बसवायचं आणि जेवण वाढलं की दोन घासांत उठवायचं. आणि तू काय म्हणालास?"

मी विचारलं होतं, असं मी सांगितलं.

"विचारलंस. आणि मग?"

मग सही केली, हे मी सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, भाजी मात्र जरा जोरात चिरली.

परीक्षेच्या दिवशी दहाला मी फाटकाशी उभा होतो. मुलीबरोबर तिची आत्या होती. आत्या कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजं करते, दिवसाला तीनशे, त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी होती आणि मुलीचे दोन्ही हात त्या टॉवेलात होते. बोटं उबेत ठेवली की पहिला तासभर बरी चालतात म्हणे. दहा वीसला आत जायचंय हे तिला कळवलं होतं, का ते कळवलं नव्हतं. मी ते फाटकाशी उभ्या उभ्या सांगितलं.

आत्यानं मला नीट पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आणि पेपर अकराला?"

"हो."

"मग आधी बसवून काय करायचं हो सर? अंडी उबवायची?"

मी म्हटलं, वरून ठरलंय. आत्या म्हणाली, वरून म्हणजे कितव्या मजल्यावरून, मी जाऊन विचारते. मुलीनं टॉवेलातून एक हात काढून तिच्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, राहू दे. बसते मी." मग माझ्याकडे वळून विचारलं, "उत्तरपत्रिका कधी देणार? दहा वीसला की अकराला?"

मी म्हटलं, दहा वीसला, कारण जादा वेळ तेव्हापासून सुरू होतो. तिनं मान हलवली. तेव्हा मला वाटलं ती हार मानून चाललीये.

पुढचं मला घड्याळ सरांच्या टिपणातून माहीत आहे, कारण त्यांनी प्रत्येक मिनिट टिपलं. दहा वीस: उत्तरपत्रिका दिली. दहा बावीस: विद्यार्थिनीनं 'सर, लिहू का' असं विचारलं. दहा तेवीस: प्रश्न मी देऊ शकत नाही, बाकी तुझं तू बघ, असं उत्तर दिलं. दहा चोवीस: विद्यार्थिनी लिहू लागली. अकरा: प्रश्नपत्रिका दिली, तोवर दोन पानं पूर्ण.

त्या दोन पानांवर तिनं चौदा सूत्रं लिहिली. अभ्यासक्रमात आहेत तेवढी सगळी, जिथे सिद्धता विचारतात तिथे सिद्धतेसकट, आणि प्रत्येकाला क्रमांक. प्रश्नपत्रिका आल्यावर पुढच्या सहा पानांत ती नुसतं आकडेमोड करत गेली आणि जिथे सूत्र हवं तिथे 'पान एक, क्रमांक पाच' असं लिहीत गेली. आम्ही दिलेल्या रिकाम्या चाळीस मिनिटांतून तिनं तिला कमी पडणारी नेमकी दोन पानं काढली होती. एकला पेपर दिला. सव्वाला गठ्ठा गेला. गठ्ठेवाल्यांनी त्या दिवशी आम्हाला बिस्किटं दिली.

घड्याळ सरांनी ते टिपण उत्तरपत्रिकेला टाचणीनं लावून पाठवलं होतं. का, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, नोंद असावी.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. प्रश्नपत्रिका देण्यापूर्वीच उत्तरपत्रिकेत विषयाशी संबंधित मजकूर लिहिल्याचं पर्यवेक्षकांच्या टिपणावरून दिसतं. तरी प्रश्नपत्रिका आधी फुटली काय, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. तोवर त्या विद्यार्थिनीचा निकाल राखून ठेवण्यात येत आहे.

म्हणजे आता प्रश्न असा होता की चूक तिची की आमची. हा प्रश्न आमच्याकडे फार वेळ पडून राहत नाही.

चौकशी समिती म्हणजे आम्हीच चौघं, त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर. तिला समोर उभं केलं. मग मॅडमच्या लक्षात आलं आणि बस म्हणाल्या. गठ्ठेवाल्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स बोटाला थुंकी लावून उलटली आणि विचारलं की हे तुला आधीच कसं माहीत.

"अभ्यास केला होता," ती म्हणाली.

घड्याळ सर म्हणाले, यातली पाच सूत्रं पेपरात जशीच्या तशी आली आहेत, हा योगायोग मानायचा का.

"सर, मी चौदा लिहिलीत. पाच आली. पेपर फुटला असता तर उरलेली नऊ मी या हातानं कशाला लिहिली असती?"

संख्याशास्त्राच्या माणसाला हे कळायला हवं होतं, आणि कळलंही. त्यांनी वहीत बघितलं, वहीत त्यावर काही नव्हतं. मॅडमनी घसा खाकरला. तू काय लिहिलंस हा मुद्दाच नाही बाळ, त्या म्हणाल्या, कधी लिहिलंस हा मुद्दा आहे. अकराच्या आधी परीक्षा सुरू नव्हती.

"मग मी तिथे काय करत होते, मॅडम?"

तिनं हे उद्धटपणानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, मी फाइलीकडे.

तिला बाहेर पाठवल्यावर आम्ही मोकळेपणानं बोललो. पेपर फुटला म्हणावं तर कॉलेजची अब्रू जाते. पेपर फुटला नाही, वेळच आम्ही आधी दिला, म्हणावं तर विद्यापीठ विचारणार, कोणत्या नियमानं. गठ्ठेवाले म्हणाले, मधला मार्ग काढा, मुलीचंही नुकसान नको. सुवर्णमध्य यावेळी मॅडमनी स्वतः काढला. मुलीनं तिच्याच हस्ताक्षरात लिहून द्यायचं की मी जादा वेळ मागितलाच नव्हता, मी आपली लवकर येऊन बसले, आणि गैरसमजातून दोन पानं कच्चं काम केलं, ते तपासू नये. कच्च्या कामाला शिक्षा नाही. प्रकरण बंद.

मी म्हटलं, ती दोन पानं काढली तर पुढच्या सहा पानांत नुसते आकडे उरतात, ती नापास होईल, आणि ही शेवटची वेळ आहे.

"पण डाग लागणार नाही ना," मॅडम म्हणाल्या. "नापास होणं काही गुन्हा नाही. टाइप करून सही घेऊ नका, उद्या दबाव आणला म्हणतील. हस्ताक्षरात हवं. आणि तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकते ती."

तिनं माझं कधी काय ऐकलं होतं ते मला आठवेना. पण मी बाहेर गेलो. ती जिन्याशेजारच्या बाकावर आत्याबरोबर बसली होती. मी सांगितलं. लिहून दिलंस तर प्रकरण मिटेल, नाही दिलंस तर निकाल राखीव, आणि मग किती महिने ते सांगता येत नाही. मी हे अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. माझा तो सूर मला चांगला जमतो. आत्या म्हणाली, लिहू नकोस. मुलगी बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "लिहिते. पण कोणी घाई करू नका."

मॅडमच्या खोलीत तिला स्वतः गठ्ठेवाल्यांनी खुर्ची ओढून दिली. कागद हलू नये म्हणून घड्याळ सरांनी आपली वही त्याच्या एका टोकावर ठेवली. हात गारठू नये म्हणून मॅडमनी पंखा बंद करायला लावला. दोन वर्षं तिच्या आत्याची ती पिशवी परीक्षेच्या खोलीत नेऊ दिली नव्हती, आत कागद लपवता येतो म्हणून. आज गठ्ठेवाले म्हणाले, आणू दे की, त्यात काय. मजकूर मी सांगायचा होता. मी टेबलाच्या समोरच्या बाजूला बसलो आणि सांगू लागलो.

तिनं दोन बोटांच्या बेचक्यात पेन अडकवलं आणि खांदा हलवला.

घड्याळ सरांनी एकदाही मनगटाकडे बघितलं नाही. सव्वा वाजायला आला होता आणि विद्यापीठाची गाडी फाटकाशी उभी होती, त्या दिवशीही एक पेपर होता. गठ्ठेवाल्यांनी ड्रायव्हरला निरोप धाडला की थांब जरा, एक पत्र द्यायचंय. अठरा वर्षांत पहिल्यांदा. "सावकाश लिही बाळ," ते म्हणाले, "वेळच वेळ आहे." चहा आला. माझ्या कपावर साय धरली, ती कपाच्या कडेला सुरकुतत गेली.

मी वाक्य सांगायचो, थांबायचो, ती लिहायची. मला अक्षरं उलटी दिसत होती, तिचं अक्षर छापल्यासारखं असल्यामुळे उलटंही वाचता येत होतं. पहिल्या ओळीपासून वाचता येत होतं.

मी सांगितलं: 'मी जादा वेळ मागितला नव्हता.' तिनं लिहिलं: 'मी पेपराच्या शेवटी चाळीस मिनिटे जादा वेळ मागितला होता, तो अर्ज मान्य झाला.'

तिनं मान वर केली नाही. मी जरा थांबलो. मग पुढचं वाक्य सांगितलं, की मी स्वतःहून लवकर येऊन बसले. तिनं लिहिलं: 'कॉलेजने तो वेळ मला पेपराच्या आधी दिला. त्या वेळात मी पान एक व दोन लिहिली. पर्यवेक्षकांना विचारून लिहिली.' मी सांगितलं, गैरसमजातून कच्चं काम. तिनं लिहिलं: 'हे कच्चे काम नाही. पुढील उत्तरे यावर अवलंबून आहेत. तरी ही पाने तपासावीत, ही विनंती.' माझ्या आवाजात काही फरक पडला नसावा, कारण तिघांपैकी कोणी कान टवकारले नाहीत. मी सांगत होतो एक आणि कागदावर उतरत होतं दुसरं, आणि खोलीत ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ बैठकांत गप्प बसलो आहे. त्या दिवशी मी बोलत राहिलो, गप्प बसण्याचाच तो एक प्रकार होता.

एक पान आणि वर चार ओळी झाल्या. पंचवीस मिनिटं लागली. तिनं सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली आणि घड्याळ सरांकडे सरकवला. ते सही करता करता म्हणाले, अक्षर छान आहे हं. त्यांनी वेळ घातली: एक पस्तीस. गठ्ठेवाल्यांनी सही केली आणि बोट ओलं करून उलटून बघितलं की मागेही सही लागते का. मॅडमनी तिन्ही सह्या आहेत ना हे पाहिलं आणि खाली लिहिलं, 'मान्य'. शिक्का उठला. गठ्ठेवाल्यांनी पत्र पाकिटात घातलं, मेणबत्तीवर लाख धरली, पाकिटावर थेंब पाडून मोहोर दाबली आणि जवळजवळ पळतच फाटकाकडे गेले. त्या लाखेचा वास दुपारभर माझ्या नाकात होता.

महिन्याभरानं निकाल लागला. सत्तेचाळीस. तिच्या त्रैराशिकापेक्षा तीन जास्त. निकालाबरोबर कॉलेजला पत्र आलं. परीक्षेपूर्वी जादा वेळ देण्याची पद्धत आपण स्वतःच मान्य केली आहे, ती कोणत्या नियमान्वये, याचा खुलासा करावा.

मॅडमनी आम्हाला बोलावून पत्राची प्रत पुढे टाकली. प्रत्येकानं आपापल्या सहीकडे बघितलं आणि मग ती दुसऱ्याचीच असल्यासारखा चेहरा केला. मॅडमनी मला विचारलं, तुम्ही समोर बसला होता, तुम्हाला दिसलं नाही? मी म्हटलं, मला उलटं दिसत होतं. हे खरंच होतं. बराच ऊहापोह होऊन असं ठरलं की यापुढे दिव्यांग विद्यार्थ्यांकडून हस्ताक्षरातलं काहीही घेऊ नये, टाइप केलेलंच घ्यावं. सह्या करण्यापूर्वी कागद वाचावेत का, हा विषय घड्याळ सरांनी काढला होता, पण तोवर एक वाजत आला होता आणि गठ्ठेवाले उठले.

गुणपत्रिका घ्यायला ती एकटीच आली. आत्या कारखान्यात होती. तिनं अर्ज पुढे केला, टाइप केलेला. परीक्षेच्या आधीच्या त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत हवी होती. कशाला, मी विचारलं. विद्यापीठानं मागितलीये, ती म्हणाली, त्यांची चौकशी आहे.

मी कपाटातून हिरवी फाइल काढली आणि उघडली. कागद एकमेकांना चिकटले होते. मी कागद सोडवायला बोट उचललं, ते जिभेपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. ती बघत होती. मी बोट शर्टाला पुसलं आणि नखानं कागद सुटा केला.

तिनं इतिवृत्त उभ्या उभ्या वाचलं. पूर्ण, सगळ्या ओळी. कंसातला शब्दही. मग खालच्या सह्यांवर आली.

"पहिली तुमची आहे, सर?"

"हो."

"छान आहे," ती म्हणाली. "एका झटक्यात होते तुमची."

मग तिनं प्रत मिळाल्याची पोच द्यायला नोंदवही ओढून घेतली, बोटांच्या बेचक्यात पेन अडकवलं आणि लिहू लागली. मी वही हलू नये म्हणून एका बाजूनं धरली. तिनं माझा हात बाजूला केला आणि आपल्या कोपरानं धरली.